नव्या ड्रायव्हरची पहिली खेप

मंडळी, आपल्या गावावरून रोज किती ट्रक जातात, ते कधी मोजले आहेत काय? कांद्याच्या दिवसांत तर रात्रभर आवाज थांबत नाही. आपण लासलगावला माल विकतो, पैसे घेतो आणि घरी येतो. पुढे तो माल कोण नेतो, कसा नेतो, याची आपल्याला फारशी खबर नसते. आज त्या नेणाऱ्याची हकिगत सांगतो.

हा गडी आमच्या रात्रीच्या वर्गात होता. वय चोवीस. त्याचे नाव येथे देत नाही. "गुरुजी, सगळं लिवा, पण माझं नाव लिवू नका. शेठ वाचंल," असे तो म्हणाला. शेठ हा धडा वाचतील असे आम्हाला वाटत नाही. पण शब्द दिला तो दिला.

चौथीत असताना त्याची शाळा सुटली. पुढे शेतमजुरी केली. मग तीन वर्षे ट्रकवर किन्नर होता. किन्नर म्हणजे क्लीनर. गाडी पुसायची, चाक बदलायचे, ताडपत्री बांधायची आणि ड्रायव्हरला झोप येऊ नये म्हणून रात्रभर त्याच्याशी बोलत राहायचे. ज्या जुन्या ड्रायव्हरच्या हाताखाली तो होता, त्याला तो वस्ताद म्हणतो.

पूर्वी ट्रकचे लायसन काढायला आठवी पास असावे लागे. २०१९ च्या सप्टेंबरात सरकारने ती अट काढून टाकली. आता वय २० पूर्ण लागते. शिवाय आधी हलक्या गाडीचे लायसन काढून त्याला एक वर्ष झालेले असावे लागते. आठवीची अट गेली, पण वाचनाची गरज गेली नाही. रस्त्यावरच्या पाट्या तशाच आहेत, बिल्टी तशीच आहे. म्हणून हा गडी आमच्याकडे आला. दिवसभर गाडी धुवायचा आणि गावात मुक्काम असला की रात्री पाटी-पेन्सिल घेऊन बसायचा. दीड वर्षात तो वाचू लागला, हिशेब करू लागला. मग लायसन काढले आणि दुसऱ्या एका शेठची सहा चाकी गाडी त्याच्या हातात आली.

पहिली खेप लासलगावहून वाशीच्या बाजाराला कांदा न्यायची. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या वर. संध्याकाळी गाडी एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर लागली. हमाल गोण्या चढवू लागले. याने आर.सी. काढले. गाडीचे वजन किती आणि माल किती घालायचा, हे आर.सी.वरून काढायला आम्ही वर्गात शिकवले होते. भरलेल्या गाडीचे वजन १८,५०० किलो. रिकाम्या गाडीचे ६,५००. वजाबाकी केली की उरले १२,०००. कांद्याची गोणी ५० किलोची धरली तर झाल्या २४० गोण्या.

मुकादमाने सांगितले, "२७० भरायच्यात."

"जास्त होतात," हा म्हणाला.

"सगळ्या गाड्या एवढाच माल नेतात. तुला जमत नसंल तर शेठला फोन लाव."

याने फोन लावला नाही. आम्ही विचारले, "का रे बाबा?" तर म्हणतो, "पहिल्याच दिवशी शेठला नाही कसं म्हणायचं, गुरुजी?"

३० गोण्या जास्त म्हणजे दीड टन वजन जास्त. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात बदल झाला. त्यात जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर दर टनामागे २,००० रुपये असा दंड लिहिलेला आहे. तो दंड गाडी चालवणाऱ्यालाही लागतो आणि चालवायला लावणाऱ्यालाही. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही, असेही कायदा म्हणतो. हे सारे त्याला ठाऊक होते. पण ठाऊक असणे निराळे आणि मुकादमासमोर उभे राहून बोलणे निराळे. स्टिअरिंग धरायला माणूस महिना-दोन महिन्यांत शिकतो. 'नाही' म्हणायला त्याहून वेळ लागतो, असे आमचे मत आहे.

मुकादमाने बिल्टी पुढे केली. बिल्टी म्हणजे मालाची पावती. माल कोणाचा, कोणाकडे चालला, नग किती, हे तिच्यावर असते. तिच्यावर २७० गोण्या लिहिल्या होत्या. "मोजल्यात रे, कर सही." याने आकडा वाचला आणि सही केली. गोण्या मात्र स्वतः मोजल्या नाहीत. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम आहे.

रात्री आठला गाडी निघाली. बरोबर एक सतरा-अठरा वर्षांचा किन्नर होता, तोही नवाच. नाशिक गेले, इगतपुरी आली. इगतपुरीला चहा घेतला. पुढे कसारा घाट.

या घाटाला थळघाट असेही म्हणतात. रेल्वेही याच डोंगरातून खाली उतरते. तिचा चढ ३७ ला १ आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की १ मीटर वर. तेवढ्यासाठी वर चढणाऱ्या रेल्वेगाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. यावरून डोंगर कसा आहे ते समजावे. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा भाग सुरू झाला. त्यात इगतपुरीजवळ सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा आहे. तिकडून गेले तर घाट टळतो. पण शेठचे म्हणणे, टोल जास्त पडतो, जुन्याच रस्त्याने जा.

निघण्याआधी वस्तादाने फोनवर एकच गोष्ट सांगितली होती. "ज्या गिअरात घाट चढशील, त्याच गिअरात उतर. पाय ब्रेकवर ठेवून उतरू नको."

ही गोष्ट नीट समजून घेऊ. आपण बैलगाडी हाकणारी माणसे आहोत, आपल्याला ती लवकर कळेल. भरलेली बैलगाडी उतारावर आली की आपण बैल पळवतो काय? नाही. कासरा ओढून धरतो. बैल अंग मागे रेटतात, पाय रोवून एकेक पाऊल टाकतात. गाडीचे सारे ओझे बैलांनी धरलेले असते. ट्रकमध्ये हे काम इंजिन करते. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात इंजिन चाकांना मागे धरून ठेवते. गाडी हळू उतरते, आणि ब्रेक कधीमधी वेग तोडण्यापुरताच लावावा लागतो.

मोठ्या गिअरात उतरले की इंजिनाची ती धर सुटते. मग सगळे ओझे ब्रेकवर येते. ब्रेक म्हणजे काय? चाकाबरोबर लोखंडी ड्रम फिरतो, त्याला आतून लायनर घासतो. हातावर हात घासून पाहा, ऊब येते. तेथे तर अठरा-वीस टन वजन घासत असते. ड्रम तापतो, लायनर तापतो. तापलेला लायनर घट्ट पकडत नाही, घसरू लागतो. माणूस आणखी जोराने पाय दाबतो, त्यामुळे आणखी ताप होतो. शिवाय वेग दुप्पट झाला तर गाडी थांबवायला दुप्पट नव्हे, चौपट जोर लागतो.

काही ड्रायव्हर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून उतरवतात. म्हणजे बैलच सोडून दिले! त्यात कुणी इंजिन बंद केले तर हवा भरणारा पंप थांबतो आणि स्टिअरिंगही जड होते. चार रुपयांच्या डिझेलसाठी जिवाशी खेळ.

आमच्या गड्याने न्यूट्रल केले नाही. घाटाच्या तोंडाशी पाटी होती, 'तीव्र उतार, लहान गिअर वापरा.' ती त्याने वाचली. "मोठ्यानं वाचली, गुरुजी," असे त्याने आम्हाला सांगितले. तिसरा गिअर घातला. पण मागून एक कंटेनर आला. तो हॉर्न मारू लागला, दिवे मारू लागला. त्याच्या मागे आणखी दोन. याला वाटले, आपण रस्ता अडवला, आपण नवशिके आहोत हे साऱ्यांना कळले. त्याने चौथा घातला, मग पाचवा. पाय ब्रेकवर राहिला.

तीन-चार वळणे गेली. जळका वास आला. किन्नर म्हणाला, "दादा, काहीतरी जळतंय." याने ब्रेक दाबला, तर गाडी पूर्वीसारखी थांबेना. मग तो पाय दाबून-सोडून, दाबून-सोडून करू लागला. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. दर वेळी पाय दाबला की थोडी हवा खर्च होते. पंप ती पुन्हा भरतो, पण त्याला वेळ लागतो. काटा खाली आला, लाल रेघेला टेकला. भोंगा वाजू लागला. हवा पार गेली तर मागची चाके आपोआप आवळली जावीत अशी सोय गाडीत असते. पण ड्रमच तापलेला असेल तर त्या सोयीचाही भरवसा नाही.

त्या वेळी त्याच्या मनात काय आले, ते आम्ही विचारले. तो म्हणाला, "आई आली डोळ्यापुढं. आणि शेठ आला. मला त्याचाच राग आला, की मरायच्या वेळीसुद्धा शेठ काय येतोय मधे." हसला, पण हात कापत होते. चार आठवड्यांपूर्वीची गोष्ट, तरी कापत होते.

नशिबाने एका वळणाआधी रस्ता जरासा सपाट झाला. एक्झॉस्ट ब्रेकचे बटण त्याने आधीच दाबले होते. त्याने इंजिन थोडे अडते. वेग किंचित पडला. त्या क्षणी त्याने चौथा घातला, लगेच तिसरा. गाडीने हिसका दिला, इंजिन ओरडले, पण गाडीला धर बसली. पुढे डोंगराच्या बाजूला रुंद जागा होती. तेथे त्याने गाडी लावली. पोरगा उडी मारून उतरला आणि चाकांपुढे दगड लावले. मागच्या चाकांतून धूर निघत होता.

पोरगा पाण्याचा कॅन घेऊन धावला. याने हात धरून त्याला थांबवले. लाल तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतले तर तवा तडकतो, तसा ड्रमही तडकतो. हे त्याला वस्तादाने दाखवले होते. तापलेला ब्रेक आपणहून निवू द्यायचा, त्याला दुसरा उपाय नाही. त्यांनी गाडीमागे दिवे लावले, झाडाच्या फांद्या ठेवल्या आणि बसून राहिले.

साडेअकरा वाजले होते. शेठचा फोन आला. "कुठं आहेस?"

"घाटात. ब्रेक तापलेत. थांबलोय."

"किती वेळ?"

"निवेपर्यंत."

"अरे, चारला गाडी बाजारात लागली पाहिजे. उशीर झाला की भाव पडतो. तो तोटा तू देणार का?"

हा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "शेठ, मी हलत नाही. गाडी खाली गेली तर कांदाबी जाईल आणि गाडीबी जाईल." शेठने फोन ठेवला.

दीड वाजेपर्यंत तो तेथे बसला. ड्रमजवळ हात नेऊन ऊब पाहिली, हवेचा काटा वर आलेला पाहिला, ब्रेक धरतो की नाही ते जागच्या जागी तपासले. मग दुसऱ्या गिअरात उरलेला घाट उतरला. मागून पुन्हा हॉर्न वाजले. त्याने डावी बाजू धरली आणि वाजू दिले.

वाशीला पोचायला साडेपाच-सहा झाले. गाडीचा नंबर मागे लागला. माल उतरवायला तेथे माथाडी कामगार असतात. या कामगारांसाठी आपल्या राज्याने १९६९ साली कायदा केला. त्यांचे काम, त्यांची मजुरी त्या कायद्याने बांधून दिली आहे. ड्रायव्हरासाठी असे काही फारसे दिसत नाही, हे आम्ही जाता जाता सांगतो. गोण्या उतरल्या, मोजल्या. २६८ भरल्या.

दोन गोण्या कोठे गेल्या? रस्त्यात पडल्या म्हणावे तर ताडपत्री आणि दोर जसेच्या तसे. घाटात कुणी काढल्या म्हणावे तर दोघे तेथेच बसून होते. आमच्या समजुतीप्रमाणे त्या चढल्याच नव्हत्या. पण बिल्टीवर २७० आणि खाली सही याची. दोन गोण्यांचे पैसे त्याच्या पगारातून कापले गेले.

आम्हाला याचे वाईट वाटते, आणि थोडी लाजही वाटते. आम्ही वर्गात त्याला सही करायला शिकवले. अंगठा सुटला म्हणून पेढे वाटले. सही कधी करू नये, हे शिकवायचे मात्र आमच्याकडून राहून गेले. पुढच्या वर्गाला आम्ही पहिल्या महिन्यातच एक खोटी बिल्टी लिहून देणार आहोत.

दुपारी तो गाडीतच आडवा झाला. तासाभराने शेठचा फोन. भिवंडीच्या गोदामातून नाशिकचा माल मिळाला आहे, ताबडतोब जा. गेला. तेथे रांग, उन्हात उभे राहणे, माल भरायला रात्रीचे एक. पहिल्या दिवशी सकाळी सहाला उठलेला माणूस. मध्ये फक्त तासभर झोप. तसाच निघाला.

रात्री दोन ते पहाटे पाच ही वेळ झोपेची आहे. शरीर ती वेळ ओळखते. चहा प्या, तंबाखू मळा, काच खाली करा, गाणी लावा, झोप थोडी मागे सरते, जात नाही. माणसाला कळतही नाही आणि दोन-तीन पळे डोळा मिटतो. आता हिशेब करा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. तीन सेकंद डोळा मिटला तर ५० मीटर. एवढे अंतर ती गाडी कुणीच चालवत नसते.

शहापूरच्या अलीकडे याचे तसेच झाले. डावे चाक रस्ता सोडून मातीत उतरले. किन्नर पोरगा ओरडला म्हणून जाग आली. त्या पोराचे काम जागे ठेवण्याचे, तो मात्र स्वतःही दोन रात्री झोपला नव्हता. पुढे पेट्रोल पंप दिसला. याने गाडी आत घेतली, किल्ली काढली आणि दोघे दोन तास झोपले. या वेळी शेठला फोन केला नाही, शेठचा घेतलाही नाही.

१९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी देशात कायदा झाला. त्यात दिवसाचे आठ तास काम सांगितले होते. लांबच्या वाटेला फार तर दहा. आणि पाच तास काम झाले की निदान अर्धा तास विसावा. साठ वर्षांहून जास्त काळ हे कागदावर होते. आमच्या गड्याने दोन दिवसांत किती तास काम केले ते वर लिहिलेच आहे. तुम्हीच बेरीज करा.

तिसऱ्या दिवशी नाशिकला माल उतरवून तो रिकामी गाडी घेऊन गावाकडे आला. आणि जे घाटात झाले नाही ते आमच्या वेशीत झाले. मारुतीच्या पारापाशी वळण अरुंद आहे. लांब गाडी वळताना पुढची चाके जेथून जातात तेथून मागची जात नाहीत, ती आत कापतात. मागच्या चाकाने पाराचा एक दगड उखडला. माणसे जमली. दगड याने दुसऱ्या दिवशी स्वतः बसवला. पण तेवढ्यात आणखी एक गोष्ट दिसली. गाडी मागे घेताना डाव्या अंगाला एक मोटारसायकलवाला उभा होता, आणि याला तो आरशात मुळीच दिसला नव्हता. किन्नराने गाडीच्या अंगावर हाताने थाप मारली म्हणून गाडी थांबली.

हे तुम्हा-आम्हाला कळण्यासारखे आहे. ट्रकच्या डाव्या बाजूला, अगदी मागे आणि नाकासमोर अगदी जवळ ड्रायव्हरला काही दिसत नाही. आपल्याला त्याच्या आरशात त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही असे समजावे. मग तेथे सायकल, शेळी किंवा पोर घेऊन उभे राहू नये.

चार आठवडे झाल्यावर तो आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि हे सारे सांगितले. शेवटी विचारले, "गुरुजी, सोडू का हे काम?"

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. त्याची आई आमच्याकडे दोनदा येऊन गेली होती. तिचे म्हणणे, पोराला शेतात राबू द्या. पण शेत आहे कोणाचे? दुसऱ्याचेच. आम्ही म्हणालो, "काम सोडायचे की शेठ सोडायचा, ते आधी ठरव." तो विचारात पडला. मग खिशातून वर्गातलीच जुनी वही काढली. पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिले होते, 'कसारा, तिसरा. भरलेली असली तर दुसरा.' त्याखाली, 'गोण्या मोज.' मोज मधला 'ज' उलटा काढला होता. तो आम्ही नीट करून दिला.

शेठकडे तो अजून आहे. गेल्या खेपेला २४० वर एक गोणी घेतली नाही. मुकादमाने फोन लावला, शेठ दहा मिनिटे बोलला, हा गाडीपाशी उभा राहिला. शेवटी २४० वरच गाडी निघाली. वस्तादाने त्याच्यासाठी नाशिकच्या एका दुसऱ्या मालकाकडे शब्द टाकून ठेवला आहे. तिकडे पगार थोडा कमी आहे, पण लांबच्या खेपेला दोन ड्रायव्हर देतात. दिवाळीनंतर बघू, असे तो म्हणतो.

त्या दोन गोण्यांचे पैसे मात्र अजून मिळालेले नाहीत.